ताटातलं तेल-तूप आणि अॅड्रिनल ग्रंथी : पार्श्वभूमी

सोलापुरात तेलातुपाबद्दलच्या दोन उलट्या भीती सध्या एकाच घरात नांदतात. हृदयाच्या काळजीने करडईचं तेल चमच्याने मोजलं जातं, आणि थकवा आला की ‘स्निग्ध कमी पडलं, अॅड्रिनल थकल्या’ म्हणून चहात तूप पडतं.

अॅड्रिनल म्हणजे मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी. ताणाला तोंड द्यायला मदत करणारं कॉर्टिसॉल हे हार्मोन त्या कोलेस्टेरॉलपासून बनवतात, यात वाद नाही. अॅड्रिनलचा बाहेरचा थर पिवळसर दिसतो तो त्यातल्या मेदामुळेच. सूक्ष्मदर्शकाखाली तिथल्या पेशी फेसाळ दिसतात, कारण नमुना तयार करताना मेद विरघळून जातो आणि पोकळ्या उरतात. १९४० च्या दशकात उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा संदेश पोचताच हा साठा झपाट्याने घटतो. मग जास्त खाल्लं की जास्त हार्मोन, हा समज सहज रुजतो.

पुढच्या संशोधनाने त्याला आधार दिला नाही. माणसाची अॅड्रिनल रक्तातल्या एलडीएलमधून (कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांचा एक प्रकार) कोलेस्टेरॉल उचलते, कमी पडलं तर स्वतः तयार करते. उंदीर मात्र मुख्यतः एचडीएल या दुसऱ्या प्रकारच्या कणांवर भागवतो, म्हणून त्याचे निष्कर्ष माणसाला सरसकट लावता येत नाहीत. १९९० च्या दशकात कोलेस्टेरॉल मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ज्या भागात हार्मोन बनायला सुरुवात होते त्याच्या, आत पोचवणारं प्रथिन सापडलं. ते जन्मतः सदोष असलेल्या बाळांच्या ग्रंथी कोलेस्टेरॉलने गच्च भरलेल्या असतात, तरी कॉर्टिसॉल जवळजवळ बनतच नाही. माझ्या मते याहून बोलका पुरावा नाही. अडतं ते आत पोचवण्यापाशी, साठ्यापाशी नाही.

गोंधळ वाढवला तो आहारातल्या एका आकड्याने. १९६८ मध्ये अमेरिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा सुचवली गेली. पुढे आपल्याकडच्या तेलाच्या डब्यांवरही ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ झळकू लागलं. वनस्पतीच्या तेलात ते नावापुरतंच असतं. करडईत नाही, शेंगदाण्यातही नाही. शेंगाचटणी कुटताना उखळात सुटणारं तेल बघून दचकणाऱ्यांना हे कुणी सांगितलंच नाही. शेंगदाण्यात जवळपास निम्मा मेद असतो, तो जपून खावा हे खरं, पण तो मुद्दा वेगळा. २०१५ च्या तिथल्या मार्गदर्शिकेतून ३०० चा आकडा गेला. मात्र आहारातलं कोलेस्टेरॉल शक्य तितकं कमी ठेवावं हे वाक्य त्याच कागदात होतं, आणि संतृप्त मेदावरची (तुपात तो भरपूर असतो) दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांची मर्यादाही कायम होती. बातम्यांत पोचलं ते फक्त पहिलं. आकडा काढणं योग्यच होतं. तो काढल्याची अर्धी बातमी पसरली, हे नुकसानकारक ठरलं. तुपाच्या सध्याच्या सल्ल्यांना बळ मिळालं ते इथूनच.

‘अॅड्रिनल फटीग’, म्हणजे अॅड्रिनल थकल्याचं, हे निदान हार्मोनतज्ज्ञ मान्य करत नाहीत. ग्रंथी खरोखर निकामी होते तो आजार वेगळा, १८५५ पासून नोंदलेला. आपल्याकडे त्यामागे क्षयरोगही असू शकतो. वजन घटणं, त्वचा काळवंडणं, रक्तदाब उतरणं, खारट खावंसं वाटणं ही त्याची लक्षणं. ती दिसली तर तूप वाढवत बसू नये; डॉक्टरांना दाखवून सकाळी कॉर्टिसॉलची रक्ततपासणी करून घ्यावी.