इमारत नावाचा कडा, गच्चीवरचा सडा

नव्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत अलीकडे एक चित्र हटकून दिसते: तीस-चाळीस मजल्यांचा मनोरा, प्रत्येक सज्जात एक डेरेदार झाड, भिंतींवरून ओघळणाऱ्या वेली आणि खाली ‘निसर्गाच्या कुशीत’ अशी अक्षरे. या चित्राचे मूळ इटलीतील मिलान शहरात सापडते. तेथे वास्तुरचनाकार स्तेफानो बोएरी यांच्या संकल्पनेतून २०१४ मध्ये ‘बोस्को व्हर्टिकाले’, म्हणजे ‘उभे रान’, या नावाचे दोन निवासी मनोरे पूर्ण झाले आणि त्यांच्या सज्जांत सुमारे ८०० झाडे व हजारो झुडपे लावली गेली. ती झाडे चांगली वाढली, त्यांवर पक्षीही आले, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्या झाडांना नळ्यांनी पाणी पुरवावे लागते, त्यांच्या छाटणीसाठी माळ्यांना दोरावर लोंबकळत भिंतीवरून उतरावे लागते आणि माती, पाणी, झाड व झाडावर आदळणारा वारा हे सारे पेलण्यासाठी सज्जे अधिक मजबूत, म्हणजे अधिक काँक्रीटचे, बांधावे लागतात. सिमेंट तयार होताना बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा हिशेब जाहिरातीत कोणी मांडत नाही.

माझा आक्षेप खर्चावर नाही. तो कल्पनेवर आहे. इमारतीला रान समजण्यात मुळातच गफलत आहे. झाडाची मुळे जमिनीत खोल जातात, तेथील ओल, बुरशी व जिवाणू यांच्याशी त्यांचे देणेघेणे चालते, आणि हे सर्व विसाव्या मजल्यावर नसते. तेथे असते ती उघडी, तापणारी, वाऱ्याला सामोरी आणि पाणी न धरणारी कठीण पृष्ठे. निसर्गात अशी जागा म्हणजे डोंगराचा कडा. शहरात माणसाने न बोलावता जे जीव येऊन राहिले, त्यांची यादी पाहिली तर हे लगेच पटते. पारवा मुळात कड्यांच्या कपारीत घरटे करणारा पक्षी आहे आणि वातानुकूलन यंत्राच्या मागची फट ही त्याच्या दृष्टीने उत्तम कपार आहे. पिसे आणि काड्या लाळेने चिकटवून छताच्या खालच्या बाजूला वसाहतीने घरटी बांधणाऱ्या पाकोळ्या मूळच्या कड्यांच्या व गुहांच्या रहिवासी आहेत. न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतींवर आणि पुलांवर बहिरी ससाणे पिले वाढवतात, तेही त्या इमारती कडे असल्यासारखे वाटतात म्हणूनच.

युरोपातील थिरथिऱ्याचा इतिहास तर याहून बोलका आहे. खडकाळ उतार आणि दगडांच्या राशी यांत राहणारा हा लहानसा पक्षी, दुसऱ्या महायुद्धात जर्मन बॉम्बहल्ल्यांनी लंडनचे भाग उद्ध्वस्त झाल्यावर, त्या ढिगाऱ्यांवर येऊन घरटी करू लागला. (याच जातीची आशियाई उपजात हिवाळ्यात महाराष्ट्रातही येते आणि पडक्या भिंतींवर शेपूट थरथरवताना दिसते.) पुढे ढिगारे हटवून तेथे नवी बांधकामे होऊ लागली, तेव्हा या पक्ष्याच्या काळजीपोटी लंडनमधील काही नव्या इमारतींच्या छतांवर विटांचा व काँक्रीटचा चुरा मुद्दाम पसरण्यात आला. आपल्याकडे रात्रीच्या अंधारात नदीकाठी ओतला जाणारा राडारोडा तेथे अधिवास म्हणून छतावर चढला.

या विचाराला शास्त्राचा पाया आणि कायद्याची जोड मिळाली ती स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात. त्या शहराने १९९० च्या दशकात, वीजबिलावरील अधिभारातून जमलेल्या निधीतून, हिरव्या छतांना अनुदान दिले आणि २००२ पासून प्रत्येक नव्या सपाट छतावर वनस्पतींचा थर बंधनकारक केला. सुरुवातीचा हेतू ऊर्जाबचतीचा होता. तेथे श्टेफान ब्रेनआयझन या संशोधकाने छतांवरचे भुंगेरे आणि कोळी मोजण्यास सुरुवात केली. १७ छतांवर मिळून त्याला भुंगेऱ्यांच्या २५४ आणि कोळ्यांच्या ७८ जाती आढळल्या आणि त्यांतील काही दुर्मीळ किंवा धोक्यात आलेल्या जातींच्या यादीतील होत्या. मात्र सगळी छते सारखी नव्हती. एकसारख्या जाडीचा, कारखान्यातून आलेला मातीचा थर असलेल्या छतांवर मोजके जीव होते. जेथे ऱ्हाईन नदीकाठची वाळू-गोटे असलेली स्थानिक माती कुठे पातळ, कुठे जाड अशी पसरली होती, तेथे विविधता जास्त होती. म्हणून बाझेलच्या नियमांत स्थानिक मातीचा आग्रह आला आणि छतावर सुमारे ३० सेंटिमीटर उंच व ३ मीटर रुंद असे उंचवटे करण्याची सूचनाही आली.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत रस आहे तो याच प्रश्नात. बागकामाचा आपला अनुभव सांगतो की माती जितकी कसदार, तितकी बाग चांगली. मग निकस, गोट्यांनी भरलेल्या मातीत जातींची संख्या जास्त कशी?

याचे उत्तर इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे १८५६ पासून अखंड चाललेल्या एका प्रयोगात दडलेले आहे. तेथील एका कुरणाचे पट्टे पाडून काहींना दरवर्षी निरनिराळी खते दिली जातात आणि काही पट्टे बिनखताचे ठेवले जातात. बिनखताच्या पट्ट्यांत आजही वनस्पतींच्या सुमारे ४० जाती नांदतात, तर अमोनियम सल्फेट भरपूर मिळालेल्या काही पट्ट्यांत त्या दोन-तीनवर आल्या. (यात खतामुळे वाढलेल्या आम्लतेचाही हात आहे, पण चुना घालून आम्लता घटवलेल्या खतवाल्या पट्ट्यांतही जाती कमीच राहतात.) खत मिळाले की उंच, जोमदार गवते झपाट्याने वाढतात. मातीतील पाणी आणि नत्र यांच्यासाठी झाडे झगडतात तेव्हा प्रत्येकाला थोडेथोडे मिळू शकते, कारण मुळे वेगवेगळ्या खोलीवर व वेगवेगळ्या वेळी काम करतात. प्रकाश मात्र एकाच दिशेने येतो, आणि जो उंच झाला त्याने तो आधी घेतला. तमाशाच्या फडात पुढचा माणूस उभा राहिला की मागच्याने कितीही पैसे मोजलेले असोत, त्याला काही दिसत नाही, तसाच हा प्रकार आहे. झुरिच विद्यापीठातील यान ओतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे नेमके दाखवून दिले: खत घातलेल्या गवताच्या दाटीत, खालच्या बुटक्या रोपांजवळ त्यांनी दिव्यांच्या नळ्या लावल्या, आणि खतामुळे होणारी जातींची गळती थांबली. म्हणजे जाती नाहीशा होत होत्या त्या खताच्या विषाने नव्हे, तर सावलीने. निकस मातीत कोणालाच उंच होता येत नाही, सावली पडत नाही, आणि म्हणून पुष्कळांना जागा उरते.

छतावर यात पाण्याची भर पडते. पाच सेंटिमीटरचा थर पावसानंतर काही दिवसांत कोरडा पडतो. तेथे शेवाळी आणि सेडमसारख्या मांसल पानांच्या वनस्पतीच टिकतात. दहा-पंधरा सेंटिमीटरवर फुलझाडे येतात, वीस-तीस सेंटिमीटरच्या उंचवट्यावर गवते मुळे रोवतात, आणि उन्हाच्या काहिलीत पातळ भागातले कीटक याच उंचवट्यांच्या ओलसर गाभ्यात उतरतात. जाडीतील फरक म्हणजे एकाच छतावर चार-पाच हवामाने निर्माण करणे होय. केवळ सेडमचे तयार गालिचे अंथरून ‘हिरवे छत’ विकणाऱ्या कंपन्या नेमकी हीच गोष्ट टाळतात, कारण एकसारखा थर पसरणे स्वस्त असते आणि छायाचित्रात चांगले दिसते.

सेडमचा आणखी एक गुण सांगण्याचा मोह आवरत नाही. आपल्या कुंड्यांतील पानफुटी त्याच कुळातली. ही झाडे दिवसा पानांची रंध्रे मिटून पाणी वाचवतात, रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, त्याचे मॅलिक आम्लात रूपांतर करून साठवतात आणि दिवस उगवल्यावर, रंध्रे बंद ठेवूनच, त्या आम्लातील कार्बन पुन्हा मोकळा करून प्रकाशाच्या ऊर्जेने साखर बनवतात. त्यामुळे पानफुटीचे पान सकाळी आंबट आणि दुपारनंतर बेचव लागते. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतातच पाने चाखून नोंदवली होती. रात्री आत घेतला जातो तो कार्बन डायऑक्साइड. प्राणवायू पाण्याच्या विघटनातून येतो आणि त्यासाठी प्रकाश लागतो. तेव्हा ‘अमुक झाड रात्रीही प्राणवायू देते’ असे पिंपळापासून सर्पपर्णीपर्यंत सर्वांविषयी फिरणारे संदेश निःसंकोच पुसून टाकावेत.

बाझेलच्या पद्धतीतही फसगत झाली, हे सांगायला हवे. स्वित्झर्लंडमध्ये काही सपाट छतांवर टिटवीच्या जवळची एक जात आणि कंठेरी चिखल्या यांनी अंडी घातली, ती उबलीही. पण या पक्ष्यांची पिले जन्मल्याबरोबर स्वतः चालत अन्न शोधतात, आणि विरळ झाडोऱ्याच्या कोरड्या छतावर त्यांना पुरेसे किडे व पाणी मिळेना. बरीच पिले मेली. अशी जागा अधिवास ठरत नाही, सापळा ठरते. त्यानंतर तेथील संशोधकांनी छतांवर झाडोरा वाढवण्याचे प्रयोग केले. मधमाशा, भुंगेरे आणि कोळी यांना पुरणारे छत जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्याला पुरेलच असे नाही.

आता महाराष्ट्राकडे यायचे तर ऱ्हाईनकाठचे गोटे किंवा सेडम आणण्याचे काहीच कारण नाही, कारण सपाट छताचा नैसर्गिक नमुना आपल्याजवळ आहे आणि तो जगात नावाजलेला आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचे व कोकण-गोव्यातले जांभ्याचे सडे म्हणजे काही सेंटिमीटर माती, तिच्याखाली कातळ, चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने होरपळ. स्लॅबवरची परिस्थिती यापेक्षा फार वेगळी नसते. कासच्या सड्यावर पावसाळ्याच्या अखेरीस जे तेरड्याचे, कवल्याचे आणि गेंदाचे ताटवे दिसतात, त्यांचे रहस्य तेच आहे: माती इतकी पातळ व निकस की झाडा-झुडपांना पाय रोवता येत नाहीत, आणि नत्र इतके कमी की सीतेची आसवे आणि दवबिंदू या वनस्पती किडे पकडून ते मिळवतात. येथील बहुतेक वनस्पती वर्षायू आहेत किंवा कंदरूपाने उन्हाळा काढणाऱ्या आहेत. कोरड्या आठ महिन्यांवर त्यांनी शोधलेला उपाय सेडमच्या उपायाहून निराळा आहे.

अर्थात कासची माती किंवा रोपे उचलून गच्चीवर आणावीत, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये; तो गुन्हाही ठरेल आणि ती रोपे जगणारही नाहीत. तत्त्व उचलावे. विटांचा चुरा, थोडी मुरमाड माती, अगदी कमी खत, पाच ते वीस सेंटिमीटर अशी बदलती जाडी, एखाद्या कोपऱ्यात पाणी साचू देणारा खळगा, आणि जवळच्या माळरानावरच्या सामान्य गवतांचे व फुलांचे बी. हे छत जून ते ऑक्टोबर हिरवे आणि नंतर तपकिरी राहील. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत खरी अडचण येथेच येईल, कारण सात महिने वाळके गवत दिसणार या कल्पनेने सदस्य हैराण होतील आणि कोणीतरी लॉनचा ठराव मांडेल. लॉनला उन्हाळ्यात टँकरचे पाणी लागेल आणि त्यावर जगणाऱ्या जाती हाताच्या बोटांवर मोजता येतील.

भाराचा हिशेब मात्र टाळून चालणार नाही. पाण्याने भिजलेला दहा सेंटिमीटरचा थर, मिश्रण कशाचे आहे यानुसार, दर चौरस मीटरला साधारण सव्वाशे ते पावणेदोनशे किलो भरतो. भारतीय मानक ८७५ प्रमाणे, लोकांना जाता येईल अशा सपाट छतासाठी धरला जाणारा वापराचा भार दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो असतो. जुन्या इमारतीच्या गच्चीवर संरचना अभियंत्याला न विचारता माती टाकणे धोक्याचे आहे. नव्या इमारतीत हा भार आराखड्यातच धरला तर प्रश्न उरत नाही. थराखाली पाणी वाहून नेणारा खडीचा थर आणि त्याखाली मुळे रोखणारे आवरण हवेच, नाहीतर कोबा आणि वॉटरप्रूफिंग दोन्ही जातील. झुरिचमधील मोस येथील जलशुद्धीकरण केंद्राची १९१४ मध्ये बांधलेली छते, आतले पाणी थंड राहावे म्हणून, अशीच खडी आणि मातीच्या थरांनी झाकली होती, आणि आज त्यांवर ऑर्किडच्या नऊ जातींसह वनस्पतींच्या सुमारे पावणेदोनशे जाती आहेत.

आपल्याकडे त्यात एक काम वाढते. पिंपळ, वड आणि उंबर यांची फळे खाऊन पक्षी छतावर विष्ठेतून बिया टाकतात, आणि त्यांची रोपे खडकात शिरण्यात इतकी पटाईत असतात की स्लॅबची त्यांना मातब्बरी वाटत नाही. ती वर्षातून दोनदा, बोटभर असतानाच, उपटली पाहिजेत. पिंपळावर मुंजा असतो म्हणून त्याला हात न लावणाऱ्यांनी निदान एवढे पाहावे की तडा रुंदावतो तो मुळांच्या जाड होण्याने, आणि दुरुस्तीचे बिल मुंजा भरत नाही.

शेवटी काचेविषयी. पक्ष्यांना काच दिसत नाही. त्यांना तिच्यातून पलीकडचे किंवा तिच्यात परावर्तित झालेले आकाश आणि झाड दिसते, आणि ते पूर्ण वेगाने त्यावर आदळतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये शिकागोतील मॅकॉर्मिक प्लेस या एकाच इमारतीच्या काचांवर आदळून एका रात्रीत सुमारे एक हजार स्थलांतरी पक्षी मेले. पुढच्या वर्षी त्या काचांवर काही सेंटिमीटर अंतराने बारीक ठिपके असलेला पडदा चिकटवल्यावर मृत्यूंची संख्या अगदी थोडी उरली, कारण ठिपक्यांमधल्या एवढ्याशा फटीतून उडून जाण्याचा प्रयत्न पक्षी करीत नाहीत. न्यूयॉर्कने २०२० च्या कायद्याने नव्या इमारतींना अशी काच बंधनकारक केली. जमिनीपासून ७५ फुटांपर्यंतच्या भिंतींना तो नियम लागू आहे, आणि त्यापेक्षा उंचावर हिरवे छत असेल तर त्या छताच्या वरच्या बारा फुटांनाही.