सुका कचरा आणि भंगाराचे हलते भाव (सातारा–सांगली)

घंटागाडीतून वेगळा आलेला कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, काच, धातू हा माल निवडून, त्याच्या गाठी बांधून विकण्याची नगरपालिका व महानगरपालिकांची व्यवस्था, आणि भंगाराचे भाव सतत वरखाली होत असताना ती कमी खर्चात चालू ठेवण्याच्या पद्धती, असा या नोंदीचा विषय आहे. गोळा करण्याचा खर्च जवळजवळ ठरलेला असतो. गाडीचे डिझेल, चालकाचा पगार, मुकादमाची हजेरी यांना पुठ्ठा आज काय भावाने जातो याच्याशी देणेघेणे नसते. विक्रीतून येणारा पैसा मात्र भावाबरोबर हलतो. चढत्या बाजारात सुरू केलेले सुका माल निवडण्याचे केंद्र उतरत्या बाजारात बंद पडते ते बहुधा यामुळेच.

कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांचा या बाबतीत लौकिक आहे. स्वच्छ सर्वेक्षणात १ लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांमध्ये देशात पहिला क्रमांक २०२० साली कऱ्हाडला, २०२१ साली विट्याला आणि २०२२ साली पाचगणीला मिळाला. सलग तीन वर्षे हा मान याच परिसरात राहिला. मोठ्या शहरांची गोष्ट वेगळी. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये महानगरपालिका झाली तरी कचरा सांगलीत समडोळी रस्त्याच्या आणि मिरजेत बेडग रस्त्याच्या डेपोवर, असा दोन दिशांना जात राहिला. साताऱ्याचा डेपो सोनगावला आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे वर्गीकरण घरातच करणे बंधनकारक केले, तसेच सुका माल निवडण्याची केंद्रे उभारून कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. त्या मालाला भाव मिळेल याची हमी मात्र कोणताही नियम देऊ शकत नाही.

पालिकेच्या वाट्याला येणारा माल

पाश्चात्त्य देशांतील हिशेब इथे जसाच्या तसा लागू होत नाही. आपल्याकडे चांगला माल पालिकेपर्यंत पोचतच नाही. वर्तमानपत्राची रद्दी माळ्यावर साठते आणि तराजू घेऊन आलेल्या भंगारवाल्याला विकली जाते. बिअरच्या बाटल्या, तेलाचे पत्र्याचे डबे, जुना कुकर, बीड, तांबे, पितळ यांचीही तीच वाट. दुकानदार कोरा पुठ्ठा परस्पर देतो. घंटागाडीत उरतात ती चिप्सची पाकिटे, पातळ पिशव्या, खरकटे लागलेले खोके, फाटक्या चपला, चिंध्या, आणि वाटेत कुणी वेचली नाही तर एखादी पाण्याची बाटली. म्हणून ‘शहरात रोज इतके टन प्लास्टिक निघते, गुणिले बाजारभाव’ अशी प्रकल्प अहवालातील उत्पन्नाची आकडेमोड मुळातच फसवी असते. साय भंगारवाल्याने काढून नेल्यावर उरलेल्या दुधाचे तूप मोजण्यासारखे ते आहे.

भाव का हलतात

प्लास्टिक खनिज तेलाच्या मागे जाते. तेल स्वस्त झाले की कारखान्याला प्लास्टिकचे नवे दाणे परवडतात आणि जुन्याचा भाव पडतो. २०२०च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत तेलाच्या किमती कोसळल्या तेव्हा हेच झाले. कागदाची दोरी याहून दूर बांधलेली आहे. चीनने १ जानेवारी २०१८ पासून २४ प्रकारच्या टाकाऊ मालाची आयात बंद केली आणि पुढे भेसळीची मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आणली, तेव्हा अमेरिका-युरोपातील मिश्र कागद इतर देशांच्या दारात आला. त्याची झळ किंवा लाभ इथल्या पुठ्ठ्यापर्यंत पोचतो, कारण भारतातील कागद गिरण्या देशी रद्दीबरोबर परदेशी रद्दीही घेतात. लोखंडाच्या भंगाराला सांगली-कोल्हापूर पट्ट्यातील फाउंड्र्यांची (ओतकामाच्या कारखान्यांची) मागणी आहे, पण तिथेही ट्रॅक्टर आणि मोटारींच्या सुट्या भागांच्या ऑर्डरी थंडावल्या की मागणी घटते.

काही कारणे अगदी घरची आहेत. पावसाळ्यात पुठ्ठा ओला होतो, घेणारा वजनात घट धरतो आणि भावही पाडतो. दिवाळीत खोक्यांचा पूर येतो. महाबळेश्वर-पाचगणीला मे महिन्यात बाटल्या आणि पाकिटे कित्येक पटींनी वाढतात, आणि जूनमध्ये माल कमी तर पाऊस अतोनात.

हिशेब मांडण्याची पद्धत

या विषयातील सर्वांत महागडी चूक वहीत होते. केंद्राच्या जमेच्या बाजूला फक्त विक्री लिहिली जाते. डेपोवर न गेलेल्या कचऱ्याचा वाचलेला खर्च कुठेच दिसत नाही.

समजण्यासाठी एक काल्पनिक शहर घेऊ. केंद्रावर महिन्याला ६० टन सुका कचरा येतो. निवडणे आणि गाठी बांधणे यांचा खर्च २ लाख ४० हजार रुपये. त्यातून ३६ टन विकण्याजोगा माल निघतो. सरासरी ८ रुपये किलोने २ लाख ८८ हजार मिळतात, म्हणजे ४८ हजार शिल्लक. भाव ५ रुपयांवर आला की विक्री १ लाख ८० हजार आणि तूट ६० हजार. सर्वसाधारण सभेत ‘तोट्यातले केंद्र बंद करा’ हा आवाज इथेच उठतो. पण बंद केल्यावर शेडचे भाडे, यंत्राचे हप्ते, कायम कामगारांचा पगार थांबत नाही. तो खर्च निम्मा, म्हणजे १ लाख २० हजार धरू. शिवाय ते ३६ टन आता डेपोवर जाणार. वाहतूक, जागा आणि पुढे कधीतरी करावे लागणारे बायोमायनिंग (साचलेला जुना कचरा उकरून, वेगळा करून जागा मोकळी करणे) मिळून टनाला १,५०० रुपये धरले तरी ५४ हजार झाले. ६० हजारांची तूट टाळण्यासाठी शहराने १ लाख ७४ हजार घालवले.

आकडे प्रत्येक गावाचे वेगळे निघतील, पण ‘डेपोखर्च वाचला’ हा रकाना वहीत हवाच. प्रस्तुत नोंदकाराच्या मते सुका कचरा हे उत्पन्नाचे साधन म्हणून ठरावात लिहिणेच थांबवले पाहिजे. तो खर्च कमी करण्याचा मार्ग आहे, आणि तेवढेही पुष्कळ आहे.

ठेका : गलाईवाल्यांची रीत

भावाची जोखीम कोणी घ्यायची हे निविदेत ठरते. एक प्रकार असा की ठेकेदार वर्षाला ठराविक रक्कम पालिकेला देतो आणि सगळा माल त्याचा. भाव चढले तर पालिकेला वाटते आपण फसलो. उतरले तर ठेकेदार आधी हलका माल उचलणे थांबवतो, मग गाठी पडून राहतात, शेवटी शेडला कुलूप. दुसरा प्रकार टनामागे पैसे देण्याचा. त्यात वजन वाढवण्याकडे कल जातो आणि काट्यावर दगडमातीही चढते.

यावरचा उपाय विट्याच्या माणसाला नवा वाटू नये. खानापूर, आटपाडी, विटा भागातील गलाई व्यावसायिक पिढ्यान्‌पिढ्या देशभर जाऊन सोने-चांदी गाळून शुद्ध करून देतात. धातू गिऱ्हाइकाचा, कसब गलाईवाल्याचे. गाळणावळ घेऊन काम करणाऱ्याची मजुरी सोन्याचा भाव उतरला म्हणून बुडत नाही. सुक्या कचऱ्याच्या करारातही अशीच फोड करता येते. निवडणावळ ठरलेली आणि दरमहा चुकती, विक्रीची रक्कम पालिकेच्या खात्यात, आणि विक्रीतला लहान हिस्सा ठेकेदाराला, म्हणजे चांगला भाव मिळवण्यात त्यालाही रस राहतो. संदर्भ भाव म्हणून दर महिन्याच्या सुरुवातीला तीन खरेदीदारांचे लेखी दर घ्यावेत. निवडणावळ निघालेल्या मालाच्या वजनावर द्यावी, आलेल्या कचऱ्याच्या वजनावर नव्हे. दगडमातीचा प्रश्न त्याने आपोआप मिटतो.

साठवण : हळदीचे पेव आणि पुठ्ठ्याची गाठ

हलत्या बाजारात माल धरून ठेवणे सांगलीच्या रक्तात आहे. हरिपूरच्या मातीत खोदलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे राहत असे, आणि भाव आला की पेव फोडले जाई. हाच डाव भंगाराला लावण्याचा मोह होतो. धातूला तो लागू पडतो. बाटल्यांच्या गाठीही आडोशाला, ऊन न लागता काही महिने राहतात. पुठ्ठा आणि कागद मात्र टिकत नाहीत. ओल, उंदीर, वाळवी, आणि सर्वांत मोठी भीती आगीची. कागद-प्लास्टिकच्या थप्पीला लागलेली आग विझवायला एका गावाचा बंब पुरत नाही. शिवाय पालिका म्हणजे अडत्या नव्हे, भाव कधी चढेल हे आरोग्य विभागाने ओळखावे ही अपेक्षा अवाजवी आहे. दरमहा ठराविक माल विकत राहिले की वर्षाची सरासरी पदरात पडते. फक्त भाव अगदीच तळाला असताना धातू आणि बाटल्या थोडे थांबवाव्यात, त्यालाही मुदत घालून.

गाठ, वजन आणि वाहतूक

भाव पालिकेच्या हातात नाही, मालाचा दर्जा आहे. सुट्या बाटल्यांचा एक घनमीटर जेमतेम २० ते ४० किलो भरतो. चेपून गाठ बांधली की तोच २०० किलोंच्या पुढे जातो. गाठ न बांधता टेम्पो पाठवणे म्हणजे डिझेल जाळून हवा वाहणे. रंगीत आणि पांढरी बाटली, कडक आणि मऊ प्लास्टिक, दुधाची पिशवी हे वेगळे केले तर प्रत्येकाला आपापला भाव मिळतो. सगळे एकत्र असले तर सर्वांत हलक्या मालाचा भाव सगळ्यांना लागतो. मंदीत हा फरक अधिकच जाणवतो, कारण खरेदीदार आधी मिसळलेला माल नाकारतो आणि स्वच्छ गाठ कमी भावाने का होईना, उचलतो.

याची सुरुवात शेडमध्ये होत नाही, स्वयंपाकघरात होते. आमटी लागलेला पुठ्ठा पुन्हा सुका होत नाही.

लहान गावांपुढे प्रश्न पुरेशा मालाचा असतो. एका गावचा ट्रक भरायला महिना लागतो, तोवर जागा अडते आणि मोठा कारखाना अर्धी गाडी घेत नाही. सातारा, कऱ्हाड, इस्लामपूर (ईश्वरपूर), आष्टा ही गावे पुणे–बंगळूर महामार्गावर किंवा त्याच्या टप्प्यात आहेत. एकाच गाडीने गाठी उचलण्याचा सामायिक करार केला तर मधल्या दोन-तीन दलालांचे हात वगळता येतात. अडचण यंत्राची नसून वजनाची नोंद आणि पैशांची वाटणी यांवर एकमत होण्याची असते. दूध संघांनी गावोगावचे दूध एका टँकरमध्ये ओतून हिशेब वेगळे ठेवलेले या भागाने पाहिले आहेत.

ज्याला भाव नाही असा माल

बहुपदरी पाकिटे, मळके पातळ प्लास्टिक, चिंध्या, चपला यांना चढत्या बाजारातही घेणारा नसतो. हा माल जाळण्यासाठी सिमेंटच्या भट्ट्यांकडे जातो. या भागाला जवळ पडणाऱ्या भट्ट्या कर्नाटकात बागलकोट, कलबुर्गीकडे आहेत, आणि भट्टीवाला पैसे देण्याऐवजी वाहतूक पालिकेच्याच गळ्यात येऊ शकते. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. वेष्टन बाजारात आणणाऱ्याने ते परत गोळा करून प्रक्रिया झाल्याचे प्रमाणपत्र दाखवायचे, असा त्याचा आशय. पालिकेने अशा मालाचे वजन आणि पावत्या चोख ठेवल्या तर वाहतुकीचा काही भार उत्पादकांकडून निघू शकतो. पण या प्रमाणपत्रांचीही खरेदी-विक्री होते, त्यांचाही भाव हलतो, तेव्हा अंदाजपत्रक त्यावर उभारू नये.

कामगार आणि शुल्क

भाव पडल्याचा पहिला फटका कचरावेचक बाईला बसतो. सकाळी पोते भरले तरी संध्याकाळी हातात कालच्यापेक्षा कमी. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २००८ पासून महापालिकेशी करार करून दोन पायांवर उभी अशी रीत रुजवली. घरटी मासिक शुल्क हा एक पाय, वेचलेल्या भंगाराची विक्री हा दुसरा. विक्री लंगडली तरी शुल्क चालू राहते. सातारा-सांगलीतील लहान शहरांत घरटी शुल्क वसूल करणे राजकीयदृष्ट्या जड जाते. घरपट्टीच्या बिलात नवी ओळ दिसली की मोर्चा ठरलेला. पर्यटनगावांना दुसरी वाट आहे. महाबळेश्वर आणि पाचगणी येथे नाक्यावर प्रवासी कर घेतला जातो. जो बाटली आणतो त्याच्याकडूनच तिच्या निपटाऱ्याचा पैसा येतो, आणि तो भंगाराच्या भावावर अवलंबून नसतो. पाचगणीने आपल्या कचरा डेपोच्या जागेचा ‘स्वच्छ भारत पॉइंट’ करून तो पाहुण्यांना दाखवण्याचे ठिकाण बनवला.

पुराचे वर्ष

सांगलीच्या करारांत एक कलम इतर शहरांपेक्षा जास्त लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथे धोका पातळी ४५ फूट आहे. पाणी उतरल्यावर गाद्या, वह्यापुस्तके, धान्याची पोती, फर्निचर, दुकानांतला भिजलेला माल रस्त्यावर आला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. चिखलाने माखलेल्या कागदाला आणि कापडाला कोणत्याही भावात गिऱ्हाईक नसते, आणि त्या आठवड्यांत निवडणारे हात स्वतःचीच घरे धुण्यात गुंतलेले असतात. म्हणून पूरकचऱ्याचे वजन, त्याची उचल आणि त्याचा दर नेहमीच्या ठेक्यातून वेगळा काढून आधीच ठरवावा लागतो, आणि गाठींची शेड पूररेषेच्या वर बांधावी लागते.