पार्श्वभूमी : मेंदूचा अंदाज की मागाहून केलेली दुरुस्ती?

नेरुळच्या मैदानावर फुटबॉल बघताना लाइनमनचा ऑफसाइडचा (पास सुटताना आघाडीवीर बचावफळीच्या पुढे असल्याचा) झेंडा वर गेला की स्टँडमधून आधी त्याच्या नियतीवर शंका घेतली जाते. पण डोळ्यांवर पडलेला प्रकाश मेंदूच्या दृष्टिकेंद्रात पोचून उलगडायला सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास वेळ जातो. ताशी ३० किलोमीटरने धावणारा खेळाडू तेवढ्यात ८० सेंटिमीटर पुढे सरकतो. मग तो जिथे असतो तिथेच कसा दिसतो?

पाहणे म्हणजे नकळत काढलेला निष्कर्ष, ही एकोणिसाव्या शतकातली जर्मन कल्पना बहुतेकांच्या कानावर असते. डोळा हलवण्याच्या आज्ञेची एक प्रत दृष्टीच्या यंत्रणेकडेही जाते, हे १९५० मध्ये पुढे आले. मेंदू पुढचा अंदाज बांधतो की मागाहून दुरुस्ती करतो, हा खरा तंटा १९९४ नंतरचा.

त्या वर्षी एक जुनाच भास नव्याने मांडला गेला. सरकत्या पट्टीच्या अगदी रेषेत एक ठिपका क्षणभर चमकवला, तर तो पट्टीच्या मागे पडलेला दिसतो. याला फ्लॅश-लॅग म्हणतात. स्पष्टीकरण सुटसुटीत होते: मेंदू पट्टीला अंदाजाने पुढे ढकलतो, ठिपक्याला मागचा मार्गच नाही, म्हणून त्याचा अंदाज बांधता येत नाही. १९९९ मध्ये सॅलॅमँडर (पालीसारखा दिसणारा उभयचर) आणि ससा यांच्या दृष्टिपटलातल्या, म्हणजे डोळ्यातल्याच, पेशी सरकत्या पट्टीच्या पुढच्या कडेची दखल घेताना आढळल्या, तेव्हा अंदाजवाद्यांचे पारडे जड झाले.

पण गैरसोयीचे निकालही येत होते. ठिपका चमकताच पट्टी थांबवली, तर भास नाहीसा होतो. ठिपक्याबरोबरच पट्टी सरकू लागली, तर मागचा मार्ग नसूनही भास पुरेपूर दिसतो. पट्टी उलट फिरवली, तर तो नव्या दिशेने होतो. म्हणजे निकाल ठिपक्यानंतरच्या हालचालीवर ठरतो. २००० मध्ये म्हणून मांडले गेले, की मेंदू पुढचे सुमारे ८० मिलिसेकंद बघून मागच्या क्षणाचे चित्र ठरवतो. अंदाज होतो, पण थांबण्याचा ठसठशीत संकेत त्याला पुसून टाकतो, असे अंदाजवाद्यांचे उत्तर आले. पट्टी थांबण्यापुरते ते चालते. मुळात मार्गच नसलेल्या पट्टीपुढे मला ते लंगडेच वाटते.

ऑफसाइडच्या चुका २००० मध्ये लाइनमनच्या उभे राहण्याच्या कोनावर ढकलल्या गेल्या होत्या. पुढे फ्लॅश-लॅगचे नाव आले. कोनामुळे चुका दोन्ही बाजूंनी होतात. फ्लॅश-लॅगमध्ये पास सुटण्याच्या क्षणी आघाडीवीर पुढे गेल्यासारखा दिसतो, म्हणजे नाहक वर गेलेले झेंडे जास्त हवेत. दोन्ही कारणे एकत्र असायला अर्थातच हरकत नाही.

अंदाजाच्या बाजूने वजनदार पुरावा २०१७ मध्ये आला. एका ओळीत सरकणारा ठिपका लोकांना वारंवार दाखवला. नंतर फक्त सुरुवातीचा ठिपका दाखवला, तरी प्राथमिक दृष्टिकेंद्रात उरलेला मार्ग उमटला, तोही प्रत्यक्षापेक्षा वेगाने. मात्र तिथे मार्ग पाठ झालेला होता. अचानक उलट फिरणाऱ्या पट्टीबद्दल तो प्रयोग काही सांगत नाही.