गोळी स्त्रीबीजाच्या आधी पोचली पाहिजे

रविवारी रात्री अकरा वाजता कंडोम फाटला, तर गर्भ राहू नये म्हणून तातडीची गर्भनिरोधक गोळी घ्यायचे ७२ तास बुधवारी रात्री अकराला संपतात. एवढा हिशेब बहुतेकांना येतो आणि तिथेच घात होतो. सोमवार कामात जातो. मंगळवारी गावातल्या ओळखीच्या फार्मसीत जायला लाज वाटते, आणि बुधवारी दुपारी पोचावं तर फार्मसी जेवणाच्या वेळेला बंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ सालच्या मोठ्या चाचणीत पहिल्या २४ तासांत गोळी घेतलेल्यांमध्ये अपेक्षित गर्भधारणांपैकी ९५ टक्के टळल्या. दुसऱ्या दिवशी घेतलेल्यांत ८५ टक्के आणि तिसऱ्या दिवशी फक्त ५८. त्यामुळे लाज वाटत असेल तर शेजारच्या गावातल्या फार्मसीत जा, पण आजच जा.

घाई का, ते गोळीच्या कामातून कळतं. पुरुषाचे शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात, स्त्रीबीज मात्र सुटल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं. गर्भ बहुधा राहतो तो आधीच येऊन थांबलेल्या शुक्राणूंमुळे. बीज सुटण्याआधी मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून एका संप्रेरकाची लाट येते. गोळीतलं लिव्होनॉरजेस्ट्रेल ही लाट थोपवतं, बीज सुटणं लांबतं आणि तोवर शुक्राणू मरून जातात. लाट एकदा उसळली की गोळीच्या हाती फारसं काही उरत नाही. दर २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईला पाळी सुरू झाल्यापासून दहाव्या दिवशी ही गोळी चांगली साथ देते, चौदाव्या दिवशी कदाचित नाही. आपलं बीज नेमकं कधी सुटणार हे घरी बसून सांगता येत नाही, म्हणून घड्याळाकडे बघायचं.

यातून आणखी एक गोष्ट उघड होते. ही गोळी गर्भपात करत नाही. गर्भ रुजला असेल तर ती त्याला पाडत नाही, आणि चुकून घेतली गेली तरी गर्भाला इजा होत असल्याचं दिसलेलं नाही.

पाकिटात १.५ मिलिग्रॅमची एकच गोळी असते. ०.७५ च्या दोन मिळाल्या तर दोन्ही एकदम घ्या. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. पाकिटावरची मुदत बघा, आणि गोळी स्कूटरच्या डिकीत ठेवून उन्हात फिरवू नका. काहींना मळमळतं, म्हणून थोडं खाऊन घेतलेली बरी. तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी गोळी लगेच घ्यावी लागते.

गोळ्यांच्या नावांचा गोंधळ आमच्याकडे गोव्यात चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दिवसांत फार होतो. पाळी पुढे ढकलायला घेतात ती नॉरएथिस्टेरॉन ही वेगळी गोळी, ती नेहमीच्या मात्रेत गर्भनिरोधक म्हणून धरू नये. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल यांचा संच गर्भपाताचा, तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचा. फार्मसीत ‘ती गोळी द्या’ म्हणून पुटपुटू नका, लिव्होनॉरजेस्ट्रेल हे नाव सांगा.

काही औषधं यकृताला कामाला लावून ही गोळी लवकर संपवतात. क्षयरोगाचं रिफॅम्पिसिन आणि फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही त्यातली नेहमीची. ती चालू असतील किंवा वजन ७० किलोंच्या वर असेल, तर एका गोळीवर विसंबू नका, डॉक्टरांना विचारा. अशा वेळी तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवायचं तांब्याचं छोटं साधन, हा सर्वांत भरवशाचा मार्ग. ती पाच दिवसांच्या आत बसवली तर शंभरातल्या नव्याण्णवहून अधिक बायकांना गर्भ राहत नाही, आणि पुढची काही वर्षंही काळजी मिटते. म्हापसा, मडगाव इथली जिल्हा इस्पितळं किंवा बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय, इथल्या स्त्रीरोग विभागात विचारा. तांबीबद्दल कुणी आपणहून सांगेल म्हणून थांबू नका.

गोळी घेतल्यावरची चूक बऱ्याचदा पुढच्याच आठवड्यात होते. बीज सुटणं फक्त लांबलेलं असतं. म्हणजे चार दिवसांनी पुन्हा संबंध आला, तर आधीची गोळी उपयोगी नाही. पाळी येईपर्यंत कंडोम हवाच, आणि लैंगिक आजारांपासूनही तोच राखतो. गोळी पुन्हा घ्यावी लागली तरी वांझपण येत नाही, पण नेहमीच्या उपायाइतका भरवसा तिच्यावर ठेवता येत नाही.

डोकं दुखणं, स्तन जड होणं, मधेच थोडं रक्त अंगावरून जाणं हे दोन-चार दिवसांत निवळतं. पाळी काही दिवस मागेपुढे होते. सात दिवसांहून जास्त लांबली, किंवा गोळीनंतर तीन आठवडे उलटले तरी आली नाही, तर लघवीची चाचणी करा. पाळी चुकलेली आहे आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय, चक्कर येतेय, अशी स्थिती असेल तर चाचणीसाठीही थांबू नका. गर्भ गर्भाशयात न पोचता बीजनळीत अडकलेला असू शकतो, तेव्हा थेट इस्पितळ गाठा.