गुन्हा: पापातून पोलीस स्टेशनात

आमच्या धुळ्याला सकाळी पेपर उघडला की ‘गुन्हा दाखल’ चार-पाच ठिकाणी तरी दिसतंच, आणि तिकडे ओट्यावर आजी, चहा सगळ्यांना मिळून तिलाच द्यायचा राहिला म्हणून, कपाळावर आठ्या घालून विचारते, ‘मना काय गुन्हा शे?’, म्हणजे माझा काय गुन्हा आहे? शब्द एकच, पण आजीच्या गुन्ह्याला कलम लागत नाही.

खरं तर आजीचाच अर्थ जुना. फारसीत गुनाह म्हणजे पाप, चूक, आणि हिंदी-उर्दूत अजून तेच चालू आहे. त्याआधीच्या फारसीत हाच शब्द ‘विनाह’ असा होता, आणि तो आपल्या ‘विनाश’चा सख्खा नाही तरी चुलतभाऊ लागतो. म्हणजे ज्याला आपण बाहेरचा म्हणतो तो लांबचा पाहुणाच निघाला.

खान्देशात १३८२ ते १६०१ फारुकी सुलतान, मग अकबरानं असीरगड घेतला नि मोगल आले, म्हणजे दरबारी कागद फारसीतच, त्यामुळे असे शब्द इथं रुळले यात नवल नाही. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय द्यायला राज्यव्यवहारकोश करून घेतला तरी लोकांच्या तोंडातून गुन्हा काही हलला नाही.

मला सगळ्यात मजेशीर वाटतं ते पेशवाईतलं. तेव्हाच्या कागदांत ‘गुन्हेगारी’ म्हणजे गुन्ह्याबद्दल वसूल केलेला दंड, सरकारी जमेची बाब! आज ‘शहरात गुन्हेगारी वाढली’ असं ऐकलं असतं तर तेव्हाचा कारकून खूशच झाला असता, वसुली चांगली झाली म्हणून.

इंग्रजांनी मात्र हा शब्द माणसाच्या जन्मालाच चिकटवला. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला, १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यातही लागू करता आला, आणि अख्ख्या जमाती ‘गुन्हेगार’ ठरल्या, पाळण्यातल्या पोरासकट. १९५२ ला तो रद्द झाला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या, पण गावात चोरी झाली की संशय अजून त्यांच्याच पालावर जातो.

कायद्याच्या मराठी पुस्तकात बघाल तर ‘अपराध’ असतो. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, कलमांचे नंबर बदलले, पण ठाण्यातल्या कागदावर वरती अजूनही ‘गु.र.नं.’, म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबरच लिहितात.