गोव्याच्या हवेत लॅपटॉप कसा सांभाळावा

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

फोंड्यातील आमच्या दुरुस्ती केंद्रात लॅपटॉप घेऊन येणारे ग्राहक बहुधा एकच प्रश्न विचारतात : कालपर्यंत चालत होता, आज अचानक कसा बंद पडला? मशीन उघडून पाहिल्यावर लक्षात येते की ते अचानक बंद पडलेले नाही. मदरबोर्डावरील तांब्याच्या जोडांना हिरवट गंज चढण्याचे काम कित्येक महिने निमूटपणे चालू असते आणि आपल्याला दिसतो तो फक्त त्याचा शेवट. लॅपटॉपसोबत मिळणारी पुस्तिका साऱ्या जगासाठी एकच छापलेली असते. तिच्यात जून ते सप्टेंबर कोसळणारा आपला पाऊस नसतो, किनाऱ्यावरून येणारी खारी हवा नसते आणि वळवाच्या विजांबरोबर ये-जा करणारी लाईटही नसते. म्हणून सर्वसाधारण सूचना पुस्तिकेवर सोपवून, गोव्यात राहणाऱ्याने वेगळे काय करावे, हे या पत्रकात सांगितले आहे.

दमट हवा आणि खार

पावसाळ्यात स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीत जे घडते, तेच लॅपटॉपच्या आत घडते. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि ओले होते. लॅपटॉपचा पंखा बाहेरची हवा सतत आत खेचत असतो. ही हवा कळंगुट किंवा कोलव्यासारख्या किनाऱ्यालगतची असेल, तर तिच्याबरोबर क्षाराचे सूक्ष्म कण आत येऊन बोर्डावर बसतात. उन्हाळ्यात ते कोरडे असतात व फारसा उपद्रव करत नाहीत. पाऊस सुरू झाला की त्यांचा ओला थर बनतो, त्यातून वीज वाहू लागते आणि गंज वेगाने पसरतो. मे महिन्यात समुद्रकाठी बसून काम केलेला लॅपटॉप जुलैत बंद पडतो, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. किनाऱ्यालगत राहणाऱ्या किंवा तेथे नियमित काम करणाऱ्या ग्राहकांनी दरवर्षी पाऊस सुरू होण्यापूर्वी लॅपटॉप आतून साफ करून घ्यावा. डोंगराकडच्या, म्हणजे वाळपई किंवा सांगे भागातील ग्राहकांना खाऱ्या हवेचा त्रास कमी असतो. त्यांना दोन वर्षांतून एकदा ही सफाई पुरते, मात्र खनिजाची तांबडी धूळ उडणाऱ्या रस्त्यालगत घर असेल तर त्यांनीही ती दरवर्षी करावी.

वातानुकूलित कार्यालयातून लॅपटॉप बाहेर आणताना होणारे नुकसान फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. बाहेर तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर सुमारे २७ अंशांपेक्षा थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर दव जमते. २४ अंशांच्या खोलीत दिवसभर राहिलेला लॅपटॉप बाहेरच्या हवेत उघडला, की थंड पाण्याच्या तांब्याप्रमाणे त्यालाही घाम फुटतो, आणि तो बाहेरून दिसतो तसा आतूनही फुटतो. यावरचा उपाय फुकटचा आहे. लॅपटॉप कार्यालयातच बॅगेत घालून चेन पूर्ण लावावी, घरी पोचल्यावर बॅग अर्धा तास तशीच ठेवावी आणि त्यानंतरच लॅपटॉप बाहेर काढून सुरू करावा. बाहेरून वातानुकूलित खोलीत जाताना ही भीती नसते, कारण तेथील हवा कोरडी असते.

वापरात नसलेला लॅपटॉप वापरातल्यापेक्षा लवकर खराब होतो, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. बोटीवर नोकरीला असलेले आमचे काही ग्राहक सहा-सहा महिने घरी नसतात आणि त्या काळात लॅपटॉप कपाटात कपड्यांच्या घडीखाली पडून राहतो. परत आल्यावर पडद्यावर बुरशीचे ठिपके आणि बिजागरीला गंज आढळतो. घरात कोणी असेल तर त्यांनी आठवड्यातून एकदा लॅपटॉप तासभर सुरू ठेवावा. त्याच्या स्वतःच्या उष्णतेने आतील ओलावा निघून जातो. घर बंद असेल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवून लॅपटॉप पूर्ण बंद करावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. रंग बदलणारे खडे घेतल्यास ते ओलाव्याने भरले आहेत की नाहीत हे पाहताच कळते. नुसत्या प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळल्याने मात्र ओलावा आत कोंडला जातो. कपाटातील डांबर गोळ्या कसरीसाठी असतात; त्या ओलावा शोषत नाहीत, त्यामुळे लॅपटॉपला त्यांचा काहीही उपयोग नाही.

पडद्यावर बुरशी किंवा डाग दिसल्यास लॅपटॉप बंद करून, मऊ कापड स्वच्छ पाण्याने जेमतेम ओलसर करून हलक्या हाताने पुसावे. खिडकीच्या काचा पुसण्याचा द्रव किंवा हाताला लावायचे सॅनिटायझर वापरू नये. त्याने पडद्यावरील लेप कायमचा निघू शकतो. द्रव कोणताही असो, तो कापडावर घ्यावा, पडद्यावर फवारू नये.

वीज, अर्थिंग आणि वळवाचा पाऊस

आपल्याकडील वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो, पण लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते. याचा अर्थ असा, की संध्याकाळी दिवे मंद होण्याइतका दाब उतरला तरी लॅपटॉपला अपाय होत नाही. त्यामुळे केवळ लॅपटॉपसाठी स्टॅबिलायझर विकत घेण्याची गरज नाही. आम्ही स्टॅबिलायझर विकतो, तरीही हेच सांगतो. अपाय होतो तो क्षणभरासाठी प्रचंड वाढणाऱ्या दाबामुळे, आणि तो बहुधा वीज कडाडताना किंवा गेलेली लाईट परत येताना येतो. मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर गडगडाट सुरू झाला, की चार्जर सॉकेटमधून उपटून काढावा. बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण बटणातील फट विजेच्या झोताला अडवू शकत नाही. राउटरकडून येणारी इंटरनेटची वायर लॅपटॉपला जोडलेली असेल तर तीही काढावी. चार्जर काढून ठेवला असतानाही या वायरीतून आलेल्या झटक्याने जळालेले बोर्ड आम्ही पाहिले आहेत.

जुन्या कौलारू घरांत राहणारे ग्राहक वारंवार सांगतात, की चार्जिंग चालू असताना लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात ठेवला तर मुंग्या आल्यासारखे वाटते. चार्जरमधील विद्युत गोंगाट शमवण्यासाठी बसवलेल्या एका भागातून अत्यंत सूक्ष्म प्रवाह लॅपटॉपच्या अंगापर्यंत येतो. भिंतीतील अर्थिंग चांगले असेल आणि चार्जरला तिसरी पिन असेल, तर तो जमिनीत निघून जातो. नसेल तर आपल्या हातातून वाट काढतो. इतका प्रवाह सहसा धोक्याचा नसतो, परंतु त्या सॉकेटला अर्थिंग नाही याची ती खूण असू शकते, आणि त्याच घरात फ्रीज व गिझर चालतात हे विसरू नये. परवानाधारक वायरमनकडून तपासणी करून घ्यावी. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून चार्जरची जाड पिन तोडणे किंवा दोन पिनांचा जोड वापरणे टाळावे. स्पाइक गार्डदेखील अर्थिंगशिवाय पूर्ण संरक्षण देऊ शकत नाही. झिणझिण्यांऐवजी स्पष्ट झटका बसला किंवा चार्जरची वायर सोललेली दिसली, तर तो चार्जर त्याच क्षणी वापरातून काढावा.

नवा चार्जर घेताना जुन्यावरील आकडे जुळवून पाहावेत. व्होल्टचा आकडा तोच हवा. अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही. उदाहरणार्थ, १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर असे लिहिलेला चार्जर ६५ वॅटचा असतो. त्याच्या जागी २.३१ अँपिअरचा ४५ वॅटचा चार्जर लावल्यास बॅटरी रडतखडत भरते किंवा लॅपटॉप तो स्वीकारतच नाही. यूएसबी-सी प्रकारात चार्जर व लॅपटॉप आपसांत दाब ठरवून घेतात, परंतु तेथे केबल महत्त्वाची ठरते : साधी केबल ६० वॅटपर्यंतच पुरते, त्यापुढे ५ अँपिअरची केबल लागते. भारतीय मानक ब्युरोच्या खुणेसोबत आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक चार्जरवर आहे का, हे पाहूनच पैसे द्यावेत, मग तो आमच्याकडून घेतलेला का असेना.

बॅटरी

लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत : उष्णता आणि सदैव शंभर टक्के भरलेले असणे. लॅपटॉप दिवसभर टेबलावर चार्जर लावूनच वापरला जात असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे का ते पाहावे. नव्या लॅपटॉपमध्ये ती बहुधा असते. पूर्ण रिकामी करून मग भरावी हा सल्ला जुन्या प्रकारच्या बॅटऱ्यांचा आहे, तो आता लागू नाही. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत किंवा स्कूटरच्या डिकीत लॅपटॉप ठेवणे ही मात्र बॅटरीवरील सर्वांत मोठी क्रूरता होय.

बॅटरी फुगल्याची पहिली खूण बहुधा टचपॅडवर दिसते : तो वर उचलला जातो, क्लिक होईनासा होतो किंवा झाकण नीट मिटत नाही. आत वायू साठल्यामुळे असे होते. अशा वेळी चार्जिंग थांबवून लॅपटॉप बंद करावा, फुगीर भाग दाबू नये, टोचू नये आणि मशीन शक्य तितक्या लवकर आमच्याकडे आणावे. या दुरुस्तीला चवथ होऊन जाऊ दे असे म्हणून थांबू नये. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकल्यास ती कचऱ्याच्या गाडीत दाबली जाऊन पेट घेऊ शकते. आमच्याकडे दिलेली जुनी बॅटरी आम्ही अधिकृत पुनर्चक्रीकरणासाठी पाठवतो.

मोपा किंवा दाबोळीहून विमानाने जाणाऱ्यांनी सुटी बॅटरी व पॉवर बँक हातातील सामानातच ठेवावी. सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट-तासांची आहे आणि बहुतेक लॅपटॉपच्या बॅटऱ्या तिच्या आत बसतात.

काही सांडल्यास

चहा, सोलकढी किंवा पाणी कीबोर्डावर सांडले, तर सर्वप्रथम चार्जर काढावा, बंद करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरावे आणि लॅपटॉप उघडलेल्या अवस्थेत उलटा करून तंबूसारखा टेबलाच्या कडेवर ठेवावा. चालतो का हे पाहण्यासाठी तो पुन्हा सुरू करू नये. पाण्यापेक्षा ही उत्सुकताच अधिक बोर्ड जाळते. केसांच्या ड्रायरने पाणी आणखी आत ढकलले जाते. तांदळात ठेवण्याच्या उपायाने लॅपटॉप सुकत नाही, उलट तांदळाची पूड पोर्टमध्ये शिरते. साधे पाणी असेल तर एका दिवसाचा अवधी असतो. गोड चहा सुकल्यावर चिकट थर राहतो आणि त्यामागोमाग मुंग्या येतात. समुद्राचे पाणी असेल तर मात्र त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात आणावे. अशा वेळी बोर्ड उघडून शुद्ध अल्कोहोलने धुणे एवढाच मार्ग उरतो आणि प्रत्येक तासाने यशाची शक्यता घटत जाते.

दुरुस्तीला देण्यापूर्वी

आपल्या फायलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर, म्हणजे इंटरनेटवरील साठ्यात, असावी. विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते व तिची ४८ अंकी किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मदरबोर्ड बदलल्यावर लॅपटॉप ही किल्ली मागतो, आणि ती नसेल तर फायली आम्हालाच काय, कोणालाही परत मिळवता येत नाहीत. म्हणून आणण्याआधी ती लिहून घरी ठेवावी. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपला चिकटवू नये. बहुतेक दुरुस्त्यांना त्याची गरज नसते, आणि लागल्यास आम्ही आपल्यासमोर तो आपल्यालाच टाकायला सांगतो.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. असा लॅपटॉप चालत राहतो, पण त्यावर बँकेचे व्यवहार करणाऱ्यांनी नव्या आवृत्तीविषयी आमच्याशी बोलून घ्यावे. पडद्यावर अचानक भोंगा वाजून एखादा फोन नंबर दिसू लागला तर तो फसवणुकीचा प्रकार समजावा, त्या नंबरवर फोन करू नये. पैसे गेले असतील तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवावे.

लॅपटॉप आणताना चार्जर न विसरता सोबत आणावा, कारण दोष पुष्कळदा चार्जरमध्येच निघतो आणि मग लॅपटॉप उघडण्याचा खर्च वाचतो. बदललेला प्रत्येक जुना भाग आम्ही बिलासोबत आपल्याला दाखवतो. फुगलेली बॅटरी सोडून बाकी भाग आपण घरी नेऊ शकता.