काशीची गंगा आणि उन्हात तापलेला पाइप

झरी जामणीकडच्या एका झऱ्यावर भेटलेले आजोबा ठासून सांगत होते, "हे पाणी काशीवरून येते. तिथं टाकलेली काठी इथं निंघाली होती." पुरावा? "पाऊस आला का घंट्याभरात झरा फुगते. पण पाणी पाहा, कसं साफ! वरच्या पावसाचं असतं तं गढूय नसतं आलं?"

काठीचं राहू द्या, निरीक्षण अस्सल आहे.

विदर्भाचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा. पैनगंगेच्या खालच्या खोऱ्यात, वणी-कोरपना पट्ट्यात मात्र त्याहून कितीतरी जुनी चुनखडी आहे. सिमेंटचे कारखाने उगाच नाहीत तिथे. पाऊस मातीतून मुरताना मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड घेतो, किंचित आंबट होतो आणि चुनखडी विरघळवतो. हजारो वर्षांत भेगांच्या नळ्या होतात, कुठे भुयारंही.

आता वावरात उन्हात पडलेला भरलेला पाइप आठवा. मोटार सुरू केली की दुसऱ्या टोकाला लगेच पाणी येतं, पण गरम! थंड पाणी मागून येतं. विहिरीतलं पाणी पोचायच्या आधी त्याचा दाब पोचतो. काठोकाठ भरलेल्या भुयारात हेच घडतं. वर नवा पाऊस शिरतो, खाली महिनोन्‌महिने मुरलेलं जुनं, साफ पाणी ढकललं जातं. जुन्या पाण्यात चुना जास्त, म्हणून त्याची विद्युतवाहकता जास्त. प्रवाह आधी वाढतो, वाहकता नंतर घसरते. या दोन क्षणांच्या मधे झऱ्यातून जेवढं पाणी वाहिलं, साधारण तेवढी त्या भुयाराची साठवण. आत पाऊल न टाकता भुयार मोजलं! मला तर हे कुठल्याही चमत्काराहून भारी वाटतं.

पाऊस थांबल्यावर झरा कसा आटतो, याचं सूत्र फ्रेंच अभियंते एदमाँ माये यांनी १९०५ मध्ये मांडलं. वीस दिवसांत निम्मा झाला, तर पुढच्या वीस दिवसांत उरलेल्याचा निम्मा. प्रवाहाचा लॉगॅरिदम घेऊन आलेख काढला की सरळ रेषा मिळते. बहुधा एक नाही, दोन-तीन. तीव्र उताराची रेषा भुयारांची, ती काही दिवसांत संपते. मंद उताराची बारीक भेगांची, उन्हाळ्यात झरा जगवते ती हीच.

झऱ्याचं पाणी कुठून येतं ते पाहायचं, तर काठीऐवजी रंग टाकावा. जर्मनीत डॅन्यूब नदीचं पाणी एका जागी चुनखडीत गडप होतं. १८७७ मध्ये तिथे १० किलो फ्लुओरेसिन हा चमकणारा रंग ओतला, आणि सुमारे ६० तासांनी १२ किलोमीटरवरचा 'आख' नावाचा झरा हिरवा चमकू लागला.

साठ तासांत भुयार फारसं काही गाळत नाही. वर कपाशीवर मारलेलं औषध पावसाबरोबर चुनखडीतल्या छिद्रात गेलं, तर तेही असंच खाली येणार. पाणी उकळल्यानं जंतू मरतात, फवारणीचं औषध जाईलच असं नाही.